मेलेल्या वाघाची घळ

वाघ मेला यात शंका नव्हती. साखरशेतच्या वडाखाली बाजेवर तो पसरला होता, जीभ बाहेर, माश्या डोळ्यांवर. शंका होती ती एवढीच, की मेला तो कोण.

देवजी पाटील बाजेच्या पायथ्याशी उभा होता आणि वाघाच्या डाव्या पंजाकडे बघायचं टाळत होता. न बघताही त्याला दिसलं होतं. बोटं चार होती. चारही शाबूत.

गेल्या पावसाळ्यापासून या मुलखात ज्याने माणसं उचलली, त्याच्या डाव्या पंजाला बोटं तीन. कधीतरी सापळ्यात एक तोडून ठेवून तो निघून गेला होता. ओल्या मातीत उठलेला तो ठसा शेंबडं पोरसुद्धा ओळखायचं. बारक्याला गुरं चारताना नेलं तेव्हा तोच ठसा होता. माघ्याला नेलं तेव्हा तोच. आणि धोंडीबाईची सून कोंडी मोहाची फुलं वेचता वेचता टोपलीसकट नाहीशी झाली, तेव्हा टोपली मिळाली ती त्याच ठशाच्या शेजारी. पंचनाम्याला प्रत्येक वेळी देवजीच होता. गावचा पाटील म्हणजे मेल्या माणसाचा पहिला सोयरा.

"बघा पाटील, नीट बघा," रावसाहेब म्हणाले. "हाच ना?"

रावसाहेब टिपणीस म्हणजे शिकार आणि इमारती लाकूड या दोन्हींचे अंमलदार. एकच माणूस प्राणी मारायचा आणि झाडं तोडायचा, त्यामुळे जंगलाचा त्यांच्याशी संबंध सगळीकडून एकसारखा होता. दिल्लीला बादशहाचा दरबार भरला त्याच्या पुढचा हा उन्हाळा. मोठा साहेब दौऱ्यावर येणार होता आणि सागाचे ओंडके पावसाआधी दाभोशाच्या नदीकाठी पोचायला हवे होते. वेळेत पोचवणारी वाट एकच, वाघोबाच्या घळीतून. आणि घळीत पाय टाकायला कोणी तयार नव्हतं. फटके देऊन झाले, समजावून झालं. वेठीला माणूस मिळेना, कारण फटक्यांनी माणूस मरत नाही आणि वाघाने मरतो, एवढा हिशोब पाड्यावरच्या कोणालाही येत होता. तेव्हा रावसाहेबांनी वाघ मारला.

कुठला मारला, हे देवजीला माहीत होतं. दोन दिवसांपूर्वी जव्हारहून परतताना मोखाड्याच्या रस्त्यावर त्याला एक गाडी भेटली होती, वरून ताडपत्री घातलेली. समोरून येणारे बैल त्या गाडीजवळ पोचले की फुरफुरत रस्ता सोडून खाली उतरत होते. काय आहे म्हणून त्याने विचारलं, तर गाडीवान म्हणाला, साहेबांचं सामान, इगतपुरीच्या गाडीने उतरलं. सामानाला उग्र वास होता. आणि आता बाजेवरच्या या वाघाच्या मानेवर केस झडून गुळगुळीत झालेला एक पट्टा होता, गोफ घातल्यासारखा. वर्षानुवर्षं कातडी पट्टा घालून खेळवाल्यांच्या पिंजऱ्यात बसलेल्या जनावराच्याच मानेवर असा असतो. म्हातारा होता बिचारा. दातही झिजलेले. माणूस खायचा म्हटला असता तर कोणीतरी चावून द्यावा लागला असता.

"पाटील?"

आदल्या दुपारी रावसाहेबांनी त्याला तंबूत बोलावून चहा पाजला होता. चहा पिताना ते वाघाबद्दल काहीच बोलले नाहीत. बोलले ते लहान्याबद्दल. तुमचा मुलगा चुणचुणीत आहे. लाकडाच्या वाटेवर एक मुकादम नेमायचा आहे, पितळी बिल्ला मिळेल, वेठीतून नाव कायमचं कमी होईल. अशा हुद्द्याला माणूस घरचा लागतो, म्हणजे ज्याच्या वडिलांच्या शब्दावर विसंबता येईल असा. मग त्यांनी खिशातून बिल्ला काढून टेबलावर ठेवला होता. बिल्ला चकाकत होता आणि देवजीच्या डोक्यात एकच गोष्ट घुमत होती, की त्याचा बाप वेठीला मेला, आजा वेठीला मेला, आणि आता या पोराच्या खांद्यावर कोणी ओंडका ठेवणार नाही.

"हाच," देवजी म्हणाला.

फोटोवाल्याने काळ्या कापडात डोकं घातलं. रावसाहेबांनी एक पाय वाघावर ठेवला. गावाने हे सगळं पाहिलं. मग गर्दीतून धोंडीबाई पुढे आली. गावातली सगळ्यात म्हातारी बाई, अर्ध्या गावाची नाळ तिच्याच हाताने कापलेली, तेव्हा तिला कोणी अडवलं नाही. तिने वाकून वाघाचा डावा पंजा उचलला, उलटा करून बघितला आणि हळूच खाली ठेवला. मग मान वर करून तिने देवजीकडे बघितलं.

"माणसं चांगली पचलीत याला," ती म्हणाली. "गेलेलं बोटसुदा परत फुटलंय."

रावसाहेबांना ते ऐकू गेलं नाही, किंवा गेलं तरी त्यांनी जाऊ दिलं नाही.

*

लहान्याला बिल्ला त्याच संध्याकाळी मिळाला आणि दवंडीही त्याच संध्याकाळी फिरली. वाघ मेला, पाटलांनी ओळखला, परवा सकाळपासून घळीतून लाकूड वाहायचं, माणसांच्या पुढे नवा मुकादम चालेल.

देवजीने दवंडी ओसरीवर बसून ऐकली. शेवटचं वाक्य ऐकताना त्याच्या हातातली चिलीम तिथेच थांबली. मुकादम म्हणजे झाडाखाली बसून माणसं मोजणारा, असं तो धरून चालला होता. मुकादम वाटेवर सगळ्यांच्या पुढे चालतो, हे टेबलावरच्या बिल्ल्याने त्याला सांगितलं नव्हतं. पोराचा खांदा त्याने सोडवला होता आणि मान दिली होती.

दुसऱ्या दिवशी उजाडताच तो तंबूवर गेला. पोर अजून कच्चा आहे, त्याला नाक्यावर बसवा, असं त्याने आडवळणाने सुचवून पाहिलं. रावसाहेब दाढी करत होते. आरशातूनच ते म्हणाले, "कच्चा? घळीत आता भीती कसली? वाघ तर मेलाय ना, पाटील? तुम्हीच ओळखलात."

"होय."

"मग झालं तर."

वस्तरा गालावरून सरसर फिरत राहिला. रावसाहेब खोटं बोलत नव्हते. ते देवजीचंच वाक्य त्याला परत करत होते, आणि आपलंच वाक्य परत आलं की नाकारता येत नाही.

घरी येऊन त्याने लहान्याला सांगितलं, उद्या जाऊ नको. लहान्या बिल्ल्याला राख लावून घासत बसला होता. त्याने विचारलं, का? देवजी म्हणाला, मी सांगतो म्हणून. लहान्या हसला. बारक्या त्याचा सवंगडी होता, बारक्याचं जे काही उरलं होतं ते त्यानेच घोंगडीत बांधून आणलं होतं, आणि तेव्हापासून तो घळीच्या बाजूला तोंड करून जेवतही नव्हता. "बा," तो म्हणाला, "तू 'हाच' म्हणालास ना, तेव्हा पहिल्यांदा मना झोप लागली." मग त्याने बिल्ला छातीवर धरून बापाला दाखवला.

खरं सांगायला यापेक्षा चांगली वेळ नव्हती. देवजीने तोंड उघडलंही. पण आपण पोराला मरणाच्या तोंडी कसं विकलं हे त्याच पोराला सांगायचं, तर शब्द कुठून आणायचे? तो उठला आणि फागू भगताकडे गेला.

फागू कोंबड्यांना दाणे टाकत होता. देवजीने मोठ्या युक्तीने विषय काढला. त्या वाघाच्या मानेवर माळेसारखा पट्टा होता, पाहिलास ना? माळ कोणाच्या मानेवर असते? देवाच्या जनावराच्या. म्हणजे रावसाहेबांच्या हातून वाघोबाचाच कोणी गणगोत मेला असला पाहिजे. मग घळीला सुतक लागलं म्हणायचं. ज्याने मारलं त्याने वाघोबाच्या दगडाशी जाऊन माफी मागेपर्यंत तिथे कुऱ्हाड कशी चालेल?

फागूने दाणे टाकणं संपवलं. "पाटील, देवाचं नाव लावून काय बोलायचं असंल, तर आधी मना खरं काय ते सांग."

देवजी पायाशी आलेल्या कोंबडीकडे बघत राहिला.

"बरं," फागू म्हणाला. "नको सांगू. न ऐकलेलं कोणी मना विचारणार नाय."

त्याच दुपारी पाड्यापाड्यांवर निरोप गेला की घळीला सुतक आहे. देवजीला वाटलं, सुटलो. रावसाहेब काही केल्या घळीत जाणार नाहीत, कारण आत काय आहे ते माझ्याखेरीज ठाऊक असलेले तेवढेच एक. आणि का जात नाही हेही ते सांगू शकणार नाहीत. एका खोट्याला दुसऱ्या खोट्याची वेसण घातल्याचा आनंद त्याला झाला. हा आनंद किती टिकतो, ते राजकारणी माणसाला विचारावं. साधारण दुसऱ्या दिवसाच्या न्याहारीपर्यंत टिकतो.

*

सकाळी घळीच्या तोंडाशी सगळं गाव जमलं होतं. कुऱ्हाडी, दोर, जोखडं, सगळं जमिनीवर पडून होतं आणि त्याच्या शेजारी माणसं उकिडवी बसली होती. रावसाहेब घोड्यावरून आले. मागे दोन बंदूकवाले शिपाई.

फागूने हात जोडून रीत सांगितली. ज्याने मारलं त्याने जायचं. पायी जायचं. वाघोबाच्या जागी हत्यार चालत नाही. दगडाला शेंदूर लावायचा, दारूची धार सोडायची, कोंबडा मोकळा करायचा आणि मागे वळून न बघता यायचं. मग सुतक फिटलं.

रावसाहेबांनी घळीकडे बघितलं. दोन्ही बाजूंना कातळ, मधे कारवीचं वाळकं रान, आणि पार आत कुठेतरी पाण्याचा झुळझुळ आवाज. उन्हाळ्यात पाणी तिथेच तेवढं उरत असे. घोड्याने कान टवकारले होते आणि तो एक पाय सारखा आपटत होता.

"हे बघा," रावसाहेब म्हणाले, "देवाधर्माचा मान आम्ही ठेवतोच. शिपायाच्या हाती पूजा पाठवू."

"शिपायानं मारला का?" धोंडीबाईने विचारलं. नुसतंच विचारलं, जशी म्हातारी माणसं विचारतात.

कोणीतरी खोकलं. पुढे कोणी हसलं नाही, पण रावसाहेबांना हसू ऐकू आलं. त्यांच्या कपाळावर घाम आला होता. देवजी गर्दीत मागे उभा राहून तो घाम बघत होता, आणि त्याला बरं वाटत होतं. आता ते काहीतरी कारण काढतील, घोडा वळवतील, आणि लाकूड वावर गावावरून जाणाऱ्या लांबच्या वाटेने जाईल. लहान्या वाचला.

मग रावसाहेबांच्या चेहऱ्यावरचा घाम जिथल्या तिथे राहिला आणि त्याखाली हसू आलं. "मारणारा मी," ते म्हणाले. "पण मी तर परका. हा वाघ का दुसरा, मला काय कळावं? कोणावर बोट ठेवायचं ते पाटलांनी ठरवलं. ज्याच्या शब्दाने तो गुन्हेगार ठरला, त्याच्याकडेही निम्मं पाप येतं. का हो भगत?"

फागूने जमिनीकडे बघितलं. रीत त्याला मुखोद्गत होती आणि या प्रश्नावर रीत काही म्हणत नव्हती. "येत असंल," तो म्हणाला.

"तर पाटील पुढे, मी मागे. चला."

एवढं सगळं गाव बघत असताना नको म्हणायला काही कारण लागतं. देवजीकडे कारण होतं, पण ते एकच होतं आणि ते खरं होतं. त्याने शेंदराची पुडी घेतली, दारूची बाटली घेतली, कोंबडा काखेत मारला. लहान्या पुढे झाला आणि म्हणाला, मी पण येतो, वाट दाखवतो. देवजी त्याच्यावर असा ओरडला की लहान्या दोन पावलं मागे गेला. साऱ्या आयुष्यात बाप त्याच्यावर असा ओरडला नव्हता.

*

घळीत शिरल्यावर ऊन मागे राहिलं. कारवीच्या काड्या अंगाला घासून करकरत होत्या. प्रत्येक करकरीला दोघंही थांबत, आणि थांबलो नव्हतो असं दाखवत पुन्हा चालू लागत.

"गावाला बरं शिकवलंत," रावसाहेब मागून हळू आवाजात म्हणाले. "माळेचा पट्टा. मला सुचलं नसतं."

"तुमाला पिंजरा सुचला."

"बोलू नका मोठ्याने."

"कोण ऐकतंय? वाघ तर मेलाय."

रावसाहेबांचा श्वास देवजीच्या मानेला लागत होता. एवढ्या जवळून ते यापूर्वी कधी कोणा गावकऱ्याच्या मागे चालले नसतील. वर कड्यावर माकडं होती. एकाएकी त्यांतलं एक खाकरल्यासारखं ओरडलं, आणि मग सगळीच ओरडत वरच्या फांद्यांवर गेली. दोघं उभे राहिले. माकडं खाली बघत होती. दोघांकडे नाही, त्यांच्या पुढे, पाण्याच्या बाजूला.

"आपल्याला बघून ओरडली," रावसाहेब म्हणाले.

पाण्याच्या डबक्याशी चिखल होता. चिखलात ठसा होता. देवजी त्याच्यावरून पाय उचलून पलीकडे ठेवणार होता, तसाच एका पायावर उभा राहिला. तीन बोटं. आणि ठशाच्या खळग्यात डबक्यातलं पाणी हळूहळू झिरपून भरत होतं. अजून काठोकाठ भरलं नव्हतं.

रावसाहेबांनीही पाहिलं. बराच वेळ पाहिलं. "जुना आहे," ते म्हणाले.

"पाणी अजून भरतंय, रावसाहेब."

"मी म्हणतो जुना आहे." त्यांचे ओठ पांढरे पडले होते, पण शब्द जागेवर होते. देवजीला त्या क्षणी त्यांचा रागच आला नाही, नवल वाटलं. मरण हाताच्या अंतरावर पाणी पिऊन गेलं, आणि हा माणूस त्याच्याशीही दप्तरातल्यासारखा बोलत होता. "आणि आता ऐका. आपण परत जायचं, नीट चालत. दोघं हत्याराशिवाय आत गेले आणि धडधाकट बाहेर आले, यापरता पुरावा कोणता? तुमच्या त्या सुतकाने माझं कामच केलं. दुपारी पहिला ओंडका निघेल."

देवजीच्या लक्षात तेव्हा आलं. आपण मेलो तर लहान्या वाचतो. जगलो तर तो मरतो. त्याने स्वतःच्या हाताने पोरासाठी कुंपण घातलं होतं आणि त्याचं फाटक स्वतःच बनला होता.

वाघोबाचा दगड डबक्याच्या पलीकडे होता, वाघबारशीच्या पूजेचा शेंदूर अजून अंगावर असलेला. देवजीने शेंदूर लावला तर अर्धा जमिनीवर सांडला. दारूची धार दगडावर कमी आणि हातावर जास्त पडली. मग त्याने कोंबडा सोडला. कोंबडा दोन उड्या मारून कारवीत शिरला, आणि आतून आरवल्यासारखा ओरडला.

ओरडणं मधेच तुटलं.

पुन्हा काही ऐकू आलं नाही. पंख फडफडल्याचा आवाज नाही, पळाल्याचा नाही. कारवीचं एक टोक हललं आणि स्थिर झालं. माकडंही गप्प झाली होती.

दोघांनी एकमेकांकडे बघितलं नाही. मागे वळून बघायचं नाही अशी रीत होती, आणि आयुष्यात पहिल्यांदा रावसाहेबांनी एखादी रीत अक्षरशः पाळली. घळीच्या तोंडापर्यंत ते देवजीच्या पुढे होते.

*

उन्हात येताच त्यांनी रुमालाने तोंड पुसलं, आणि रुमाल खाली आला तेव्हा वर दुसरंच तोंड होतं. "देव प्रसन्न," ते मोठ्याने म्हणाले. "सुतक फिटलं. आम्ही दोघं चालत गेलो, चालत आलो. मुकादम, घ्या माणसं."

लहान्याने कुऱ्हाड उचलली. बापाला जिवंत पाहून त्याचे डोळे भरून आले होते, आणि त्याच भरल्या डोळ्यांनी तो घळीकडे निघाला. छातीवर बिल्ला. मागून माणसं उठू लागली.

देवजी त्याच्या वाटेत उभा राहिला.

"जाऊ नको."

"बा, आता तर तूच…"

"मेला तो आपला नाय," देवजी म्हणाला. त्याचा आवाज फाटला होता, त्याचा त्यालाच ओळखू येत नव्हता. "तो खेळवाल्यांचा होता, पिंजऱ्यातला. आपला आत हाय. आता कोंबडा नेला त्यानं. मना पहिल्या दिशी ठावं होतं. मी खोटं बोललो, बिल्ल्यासाठी."

कोणी हललं नाही. इतकं खरं एकदम ऐकायची कोणाला सवय नव्हती. रावसाहेबांनी शिपायांकडे नजर टाकली. "पाटील बेभान झालेत," ते म्हणाले. "धरा त्यांना. सरकारी कामात खोटी अफवा उठवतात." एका शिपायाने बंदूक खांद्यावरून काढली आणि दोर शोधू लागला.

तेवढ्यात धोंडीबाई उठली. तिच्याजवळ पिण्याच्या पाण्याचा हंडा होता. तो तिने दोन्ही हातांनी उचलला, सरळ देवजीपाशी आली आणि सगळा हंडा त्याच्या डोक्यावर उपडा केला.

"वारं आलंय," ती म्हणाली. "हात लावू नका. वाघोबा आलाय अंगात."

बायकांनी पदर डोक्यावर घेतले. फागूने शिपायाच्या आणि देवजीच्या मधे येऊन काठी आडवी धरली आणि कोणाला तरी थाळी वाजवायला सांगितलं. थाळी वाजू लागली. उठलेली माणसं खाली बसली, हात जोडून. अंगात आलेल्या माणसाच्या बोलण्याचा गुन्हा होत नाही, हे त्या मुलखात शिपायांनाही ठाऊक होतं. देवाला कोण बेड्या घालणार? दोर हातात घेऊन शिपाई तसाच उभा राहिला.

"कोण बोलतोस?" फागूने विचारलं.

देवजीच्या नाकातोंडातून पाणी गळत होतं. "मी देवजी."

"ऐका," धोंडीबाई गर्दीला म्हणाली. "त्याचंच नाव घेऊन बोलतोय."

"अगं आजी, मी देवजीच हाय. मी खोटं…"

"बरं बरं, देवा. झालं सांगून. तुजी घळ तुला. आमी येत नाय."

आता सगळी माणसं रावसाहेबांकडे बघत होती. ते तिथे बूट घालून उभे होते, एकटेच बूट घालून, आणि समोर वाघोबा भिजलेल्या पागोट्यात थरथरत होता. साऱ्या गावादेखत देवाला खोटारडा म्हणायचं, तर उद्यापासून एक काडी कोणी उचलणार नाही, आणि साहेब तर पंधरवड्यावर आलेला. रावसाहेबांनी घळीकडे एकदा बघितलं. मग ते खाली वाकले आणि बुटांचे बंद सोडू लागले. वेळ लागला, पण गावाने वाट पाहिली. अनवाणी होऊन त्यांनी हात जोडले.

"वाघोबाची आज्ञा आम्हाला शिरोधार्य," ते म्हणाले. "घळ देवाला राखली. लाकूड वावरच्या वाटेने जाईल."

घोड्यावर चढता चढता ते देवजीच्या कानाशी वाकले. खरोखरच्या कौतुकाने म्हणाले, "एवढं अंगात आणता येतं, तर आधी सांगायचं. मी आत तरी गेलो नसतो."

*

दुपारी धोंडीबाई रिकामा हंडा न्यायला आली. देवजी ओसरीवर बसला होता, अंगावरचे कपडे अंगावरच वाळलेले. तो म्हणाला, आजी, मला खरं बोलू द्यायचं होतंस.

"बोललास की. कोणी अडवला?" ती म्हणाली. "बोटं मी पण मोजली होती, देवज्या. माझी कोंडी गेली, मी नाय मोजणार तर कोण? तू म्हणशील म्हणून वाट बघत बसले." तिने हंडा कडेवर घेतला. "आज बोललास म्हणून पाणी ओतलं. नायतर हंडा पाणी मी तुज्यावर वाया घालवते का?"

ती गेल्यावर लहान्या बाहेर आला. बिल्ला अजून छातीवर होता, पण तो घासत नव्हता. तो बापाशेजारी येऊन बसला. मग म्हणाला, "बा, वाघोबा म्हणाला, मी खोटं बोललो. देव कशाला खोटं बोलंल?"

आता तो म्हणू शकला असता, देवाचं देवाला ठाऊक. सगळं गाव तेच म्हणत होतं. उद्या त्याच्या पाया पडायला पलीकडच्या पाड्यांवरून माणसं येणार होती.

"देव नव्हता, पोऱ्या," देवजी म्हणाला. "मीच होतो. दोन्ही वेळा."

लहान्याने बिल्ला काढला आणि बापाच्या मांडीवर ठेवला. "मग हा तुजा," तो म्हणाला आणि आत जाऊन बसला. आत बसला तो घळीकडे पाठ करून.

बिल्ला परत करायला म्हणून देवजी उठला, तर दारात शिपाई उभा. सकाळी दोर शोधत होता तोच. आता मात्र तो उंबऱ्याबाहेर अदबीने उभा होता. रावसाहेबांचा निरोप होता. मोठ्या साहेबाला इथल्या देवाधर्माची फार हौस आहे. वाघ मारल्याचा फोटो तर साहेबाला दाखवायचाच आहे; त्याच वेळी पाटलांच्या अंगात वाघोबा यावा, आणि त्याने रावसाहेबांना दोन शब्दांत आशीर्वाद द्यावा. पाटलांना नवं पागोटं मिळेल.

देवजीने बिल्ला शिपायाच्या हातावर ठेवला.

"सांग त्यांना, येईल," तो म्हणाला. "पण वाघोबा खरं बोलतो. चालेल का, तेवढं विचारून ये."

शिपाई विचारायला गेला. साहेब आला आणि गेला, पाऊस लागला, वावरच्या वाटेवर चिखल झाला. त्या निरोपाचं उत्तर साखरशेतला कोणी आणलं नाही.